कडू साल आणि पुरी मात्रा

हिवतापाच्या औषधाचा इतिहास व त्यातून मिळणारा धडा

गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग व मीठ यांच्यासमवेत वाटून घरातील लहानथोरांना देण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे. वर्षाचा आरंभ कडू घासाने करणाऱ्या समाजाला कडू औषधाचे महत्त्व वेगळे पटवून देण्याची गरज भासू नये. काडेचिराईत, गुळवेल, सागरगोटा, कोकणातील सातविणीची साल अशी अनेक कडू द्रव्ये आपल्याकडे तापाच्या उपचारात पिढ्यानपिढ्या वापरली गेली आहेत. तथापि पाडव्याचा कडू घास वर्षातून एकदाच घ्यावयाचा असतो. असेच कडू औषध दिवसातून तीन वेळा, सलग सात दिवस घ्यावयाचे झाले म्हणजे निर्धाराची खरी परीक्षा होते. पहिल्या दिवशी आजाराच्या भीतीने औषध घशाखाली उतरते. तिसऱ्या दिवशी ताप निघतो, भीती ओसरते आणि मागे उरते ती केवळ कडू चव. उपचार अर्धवट सुटण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो याच टप्प्यावर.

कडू औषध नेटाने घेण्याचे महत्त्व काय आणि त्या नेटाला मोजमापाची जोड का हवी, हे समजून घेण्यासाठी सिंकोना वृक्षाच्या सालीइतके बोधप्रद उदाहरण दुसरे नाही. याच सालीपासून तयार होणारे क्विनाइन महाराष्ट्रातील जुन्या पिढीला ‘कोयनेल’ या नावाने परिचित होते. त्या औषधाची चव ज्याने एकदा घेतली, तो ती सहसा विसरला नाही.

अँडीजच्या उतारावरील वृक्ष

सिंकोना हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील वृक्ष होय. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांतून जाणाऱ्या अँडीज पर्वताच्या दमट व थंड उतारांवर तो वाढतो. सतराव्या शतकात तेथील जेझुइट धर्मोपदेशकांमार्फत या वृक्षाची साल युरोपात पोहोचली. त्या काळी रोमच्या आसपासच्या दलदलीच्या प्रदेशापासून इंग्लंडमधील पाणथळ भागापर्यंत हिवतापाचा मोठा उपद्रव होता. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली अशी कथा पसरली आणि १७४२ साली लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्यावरून या वृक्षाला ‘सिंकोना’ असे नाव दिले. पुढील संशोधनात ती कथा टिकली नाही. नाव मात्र टिकून राहिले.

साल वाळवून, तिची पूड करून ती मद्यात कालवून रुग्णास दिली जाई. चव इतकी कडू, की अनेकांना ती पोटात ठेवणेही कठीण होई. इंग्लंडमध्ये रॉबर्ट टॅल्बर नावाच्या एका औषध-विक्रेत्याने यावर युक्ती योजली. मद्यात इतर द्रव्ये मिसळून त्याने सालीची ओळख लपविली, स्वतः सालीविरुद्ध लोकांना सावध केले आणि तेच औषध ‘गुप्त उपाय’ म्हणून दिले. राजा दुसरा चार्ल्स त्याच्या औषधाने बरा झाला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने ते रहस्य विकत घेतले आणि टॅल्बरच्या मृत्यूनंतर १६८२ साली ते प्रसिद्ध करण्यात आले, तेव्हा त्यातील मुख्य द्रव्य सिंकोनाची सालच असल्याचे उघड झाले. टॅल्बरने चव झाकली हे खरे. परंतु त्याच्या यशाचे मर्म केवळ त्यात नव्हते. तो औषध एकदाच न देता ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा देत असे. कडूपणावर उपाय आणि मात्रेचे सातत्य या दोन्ही गोष्टी त्याने एकत्र आणल्या होत्या.

सालीतून सत्त्व

सालीच्या उपचारात चवीखेरीज आणखी एक मोठी अडचण होती. सिंकोनाच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीच्या सालीतील गुणकारी द्रव्याचे प्रमाण वेगवेगळे असते. एकाच्या चमचाभर पुडीने ताप उतरे, तर दुसऱ्याच्या तेवढ्याच पुडीचा काही उपयोग होत नसे. त्यातच भेसळही पुष्कळ होई. रुग्ण नेटाने औषध घेत असला, तरी तो नेमके किती औषध घेत आहे, हे ना रुग्णाला ठाऊक असे ना वैद्याला.

ही अडचण १८२० साली दूर झाली. पॅरिसमधील पेलेतिए व काव्हांतू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सालीतील क्विनाइन हे सत्त्व वेगळे काढण्यात यश मिळविले. आता औषध तोलून देता येऊ लागले. कडूपणा मात्र कमी झाला नाही. किंबहुना शुद्ध सत्त्वाची चव सालीहूनही तीव्र होती. बदलले ते एवढेच, की सोसलेल्या कडूपणाचे निश्चित फळ मिळण्याची शाश्वती निर्माण झाली.

भारतातील लागवड

मागणी वाढली तसा दक्षिण अमेरिकेतील रानांवर ताण आला आणि सालीचे भाव चढले. हिवतापाने ग्रासलेल्या हिंदुस्थानात हा वृक्ष वाढविता येईल काय, याचा विचार ब्रिटिश सरकारने सुरू केला. १८६० साली क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या नेतृत्वाखाली पेरूकडे मोहीम पाठविण्यात आली. तेथून आलेल्या बिया व रोपांच्या आधारे निलगिरी पर्वतात उदकमंडलम्‌जवळ दोडाबेट्टा परिसरात लागवड झाली. पुढे दार्जिलिंग जिल्ह्यातील मंगपू येथेही सिंकोनाचे मळे उभे राहिले व तेथे औषधनिर्मिती होऊ लागली.

याच सुमारास बोलिव्हियातील मान्वेल इंक्रा मामानी या स्थानिक जाणकाराने निवडून गोळा केलेल्या बिया चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याने युरोपात पाठविल्या. ब्रिटिश सरकारने त्या नाकारल्या. १८६५ साली डच सरकारने त्यांपैकी काही विकत घेऊन जावा बेटावर पेरल्या. त्यांतून वाढलेल्या झाडांच्या सालीत क्विनाइनचे प्रमाण इतके अधिक निघाले, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातील बहुतांश क्विनाइन एकट्या जावातून येऊ लागले. ज्याच्या नजरेने ती झाडे हेरली, त्या मामानीला मात्र बिया परदेशी दिल्याच्या आरोपावरून कैद झाली आणि तेथील मारहाणीमुळे त्याला प्राण गमवावे लागले. १९४२ साली जपानने जावा जिंकल्यावर साऱ्या जगाला क्विनाइनची टंचाई जाणवली व कृत्रिम औषधांच्या शोधाला वेग आला.

एका पैशाची पुडी

औषध तयार होणे आणि ते खेड्यातील माणसाच्या हाती पडणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर कमी करण्यासाठी बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून क्विनाइनच्या मोजून बांधलेल्या पुड्या विकण्याची व्यवस्था करण्यात आली. एका पुडीची किंमत एक पैसा. दवाखाना दूर असला तरी टपाल कचेरी जवळ असे. शिवाय शासकीय मोहोर असल्याने भेसळीची शंका उरत नसे. योजना निःसंशय कल्पक होती.

परंतु तिच्यातील उणीवही ध्यानात घेण्याजोगी आहे. एक पुडी म्हणजे पूर्ण उपचार नव्हे. ताप आला की एक पुडी घ्यावी, तो उतरला की थांबावे, असे झाल्यास रोग दबतो, जात नाही. पुडी घरापर्यंत पोहोचविता येते. शेवटच्या पुडीपर्यंत रुग्णाला सोबत करणे हे टपाल कचेरीचे काम नव्हते.

जीभ का नाकारते?

कडू चवीचा तिटकारा हा रुग्णाचा हट्ट नव्हे; ती निसर्गाची योजना आहे. वनस्पती कीटकांपासून व जनावरांपासून बचाव करण्यासाठी अनेक विषारी द्रव्ये तयार करतात आणि त्यांतील बरीचशी कडू असतात. मनुष्याच्या जिभेवर कडूपणा ओळखणारे सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक आहेत. क्विनाइन हे द्रव्य अगदी विरळ प्रमाणातही त्यांना जाणवते. मुलांना हा कडूपणा मोठ्यांपेक्षा अधिक झोंबतो. त्यामुळे मूल औषध थुंकते तेव्हा त्याला रागे भरण्याऐवजी उपाय शोधणे श्रेयस्कर ठरते.

क्विनाइनच्या बाबतीत चवीखेरीज इतर त्रासही होतो. कानांत आवाज येणे, मळमळ, डोके दुखणे ही लक्षणे उपचार सुरू असताना बहुधा दिसतात. याची पूर्वकल्पना दिलेली नसेल, तर ‘औषध बाधले’ असे समजून रुग्ण ते बंद करतो. औषध देताना दोन वाक्यांत दिलेली ही सूचना उपचार पुरा होण्यास मोठे साहाय्य करते.

ताप उतरतो, जंतू उरतात

हिवतापाचा परजीवी १८८० साली अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरला प्रथम दिसला आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात आढळला. या शोधांमुळे ताप का येतो व का परततो, याचा उलगडा झाला. डास चावल्यावर परजीवी प्रथम यकृतात जातात व तेथून रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या व्हायवॅक्स व फॅल्सिपेरम या दोन्ही जातींचे रक्तातील चक्र सुमारे ४८ तासांचे असते. प्रत्येक चक्राअखेर पेशी फुटतात, नवे परजीवी बाहेर पडतात आणि रुग्णाला हुडहुडी भरते.

औषध सुरू झाल्यावर परजीवींची संख्या चक्रागणिक घटत जाते. ती विशिष्ट मर्यादेखाली आली की ताप निघतो. पण संख्या शून्य झालेली नसते. हा मुद्दा शाळेत साध्या गणिताने समजाविता येईल. समजा, औषध मध्येच सोडल्यावर १०० परजीवी उरले आणि दर दोन दिवसांनी ते दसपट झाले. दोन दिवसांनी १,०००, चार दिवसांनी १०,००० आणि दहाव्या दिवशी त्यांची संख्या १ कोटी होते. प्रत्यक्ष शरीरातील हिशेब इतका सरळ नसतो, तरी अर्धवट उपचाराचा परिणाम यातून स्पष्ट होतो. क्विनाइन शरीरातून लवकर बाहेर टाकले जाते. म्हणूनच ते दिवसातून तीन वेळा व सात दिवस द्यावे लागते. ताप तिसऱ्या दिवशी गेला तरी उरलेले चार दिवस तितकेच मोलाचे असतात.

व्हायवॅक्स जातीत आणखी एक गुंतागुंत आहे. तिचे काही परजीवी यकृतात सुप्तावस्थेत राहतात व आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. त्यांचा नाश करण्यासाठी क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या उपचारासोबत प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस द्यावे लागते. क्लोरोक्विनही कडू आणि प्रायमाक्विनही कडू. दुसऱ्या आठवड्यात तर रुग्ण हिंडूफिरू लागलेला असतो. प्रकृती ठणठणीत वाटत असताना कडू गोळी घेणे, हीच या उपचारातील सर्वांत अवघड पायरी होय.

चीनमधील वनस्पती

अशीच दुसरी कडू वनस्पती चीनमधील. चौथ्या शतकातील वैद्य गे हाँग याने छिंगहाव नावाच्या वनस्पतीची मूठभर पाने पाण्यात भिजवून, पिळून तो रस तापावर घ्यावा, असे लिहून ठेवले होते. १९६७ साली चीनने हिवतापावरील औषधांच्या शोधाची मोठी योजना हाती घेतली. त्या योजनेत काम करणाऱ्या तू यूयू यांना या जुन्या नोंदीत पाने उकळण्याचा उल्लेख नाही, हे लक्षणीय वाटले. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, या तर्काने त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला व १९७१ साली त्याला यश आले. त्यातून मिळालेले आर्टेमिसिनिन आज फॅल्सिपेरम हिवतापावरील उपचाराचा पाया आहे. तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याच वनस्पतीचा घरगुती काढा मात्र हिवतापावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. काढ्यात सत्त्वाचे प्रमाण कमी व अनिश्चित असते. अपुऱ्या मात्रेने रोग पूर्ण बरा होत नाही आणि परजीवी औषधाला दाद न देणारे बनण्याचा धोका वाढतो. जी वनस्पती गोळीच्या रूपाने प्राण वाचविते, तीच अपुऱ्या मात्रेत घेतल्यास संपूर्ण समाजाचे औषध निकामी करू शकते.

कडू तेवढे औषध नव्हे

कडू औषध सोडून देणे ही जशी चूक, तशीच ‘कडू आहे म्हणजे गुणकारी असणारच’ हा समजही चूकच. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाला वाळुंजाच्या सालीची कडू चव सिंकोनासारखी वाटली. त्यावरून त्याने ती तापाच्या रुग्णांना देऊन पाहिली व गुण येतो असे १७६३ साली कळविले. वाळुंजाच्या सालीने ताप उतरतो हे खरे आणि पुढे अ‍ॅस्पिरिनचा मार्ग त्यातूनच निघाला. परंतु हिवतापाचा परजीवी त्याने मरत नाही. चव सारखी असली तरी गुण सारखा असतोच असे नाही.

काही प्रसंगी कडूपणा हा प्रत्यक्ष धोक्याचा इशारा असतो. २०१० साली दिल्लीत कडू दुधी भोपळ्याचा रस घेतल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने रस कडू लागल्यास तो टाकून द्यावा, असा सल्ला दिला. येथे नेट दाखविणे म्हणजे विष गिळणे होय. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही व वनस्पतीची नेमकी ओळख पटविण्यावर भर दिला. मतभेद असले तरी सामान्य माणसासाठी बोध एकच आहे. वनस्पती कोणती, मात्रा किती व मुदत किती, हे जाणकाराकडून निश्चित केल्याशिवाय कोणतेही कडू औषध दीर्घकाळ घेऊ नये.

गावपातळीवर काय करता येईल?

व्यक्तीने उपचार अर्धवट सोडावा, तसे देशाच्या बाबतीतही एकदा घडले आहे. १९४७ च्या सुमारास भारतात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मृत्यू घडत. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. पुढे डासांवर कीटकनाशके चालेनाशी झाली, पुरवठा अपुरा पडला, पाहणीत शैथिल्य आले आणि १९७६ साली ही संख्या ६४ लाखांपर्यंत चढली. आता २०३० पर्यंत देशातून हिवताप हद्दपार करण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात गडचिरोलीसारख्या वनव्याप्त जिल्ह्यात या कामाचे मोल विशेष आहे. त्यासाठी पुढील गोष्टींकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल.

(१) ताप आल्यास प्रथम रक्ततपासणी व्हावी. हिवतापाची जात कळल्याशिवाय औषधाची मुदत ठरत नाही. फॅल्सिपेरमच्या बाबतीत विलंब जिवावर बेतू शकतो. म्हणून घरगुती काढ्यावर दिवस घालवू नयेत.

(२) औषध उपाशीपोटी देऊ नये. लहान मुलास गोळी कुटून थोड्या गुळाच्या पाण्यात वा मधात द्यावी. मात्र एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. औषध घेताच उलटी झाल्यास आरोग्य सेवकास तत्काळ कळवावे, कारण ती मात्रा पुन्हा द्यावी लागते.

(३) पहिली मात्रा आरोग्य सेवक किंवा आशा स्वयंसेविकेच्या समक्ष घेतली जावी. पुढील मात्रांसाठी घरातील एका व्यक्तीवर जबाबदारी सोपवावी व रिकामी पाकिटे जपून ठेवण्यास सांगावे.

(४) चौदा दिवसांच्या उपचारासाठी शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून चौदा चौकटींचा तक्ता करून घ्यावा. घरी रुग्ण असल्यास रोज एक चौकट भरण्याचे काम मूल आनंदाने करील. शेतावर वा कामावर जाणाऱ्या रुग्णाला गोळीचे स्मरण देण्याचा हा बिनखर्चाचा उपाय आहे.

(५) गरोदर स्त्रिया व तान्ही बालके यांना प्रायमाक्विन दिले जात नाही. काहींच्या रक्तात ‘जी-६-पीडी’ हे विकर जन्मतः कमी असते; त्यांनाही हे औषध बाधू शकते. लघवी काळसर होणे, अतिशय थकवा येणे किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही आढळल्यास गोळी थांबवून त्वरित आरोग्य केंद्रात जावे. कडू चवीसाठी औषध थांबवू नये. धोक्याच्या खुणेसाठी मात्र थांबविण्यास कचरू नये.

(६) रोजगारासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचा उपचार अपुरा असल्यास ग्रामपंचायतीने त्याची माहिती आरोग्य उपकेंद्रास द्यावी, म्हणजे पुढील मुक्कामी उरलेल्या गोळ्यांची सोय करता येईल.

क्विनाइन आज हिवतापावर पहिल्या पसंतीचे औषध राहिलेले नाही. त्याची जागा अधिक प्रभावी औषधांनी घेतली आहे. परंतु कडू गोळ्या अद्याप संपलेल्या नाहीत आणि ताप उतरताच उपचार सोडण्याची प्रवृत्तीही संपलेली नाही. क्षयासारख्या रोगांत तर ही मुदत दिवसांची नसून महिन्यांची असते. औषध पुरविण्याची जबाबदारी शासनाची आहे. ते पुरे घेण्याची रुग्णाची आहे. या दोहोंमध्ये उभे राहून पाकिटातील शेवटच्या गोळीपर्यंत रुग्णाची चौकशी करणारा शिक्षक, पंच वा शेजारी जेथे असेल, तेथे परतून येणाऱ्या तापाला जागा मिळणार नाही.